पडद्यावरचा गुडघा खाली बसत नाही

यंत्राची तरफदारी करणाऱ्यांना एक खोड असते. यंत्र काय काय करते हे ते तासभर रंगवून सांगतात. पण ते कुणासाठी करते, असे विचारले की त्यांना एकदम घड्याळ आठवते. सांध्यांच्या शस्त्रक्रियेत अलीकडे जी नवी संगणकी विद्या शिरली आहे, तिच्या वकिलांचा मला असाच अनुभव आला. रोग्याच्या हाडांचे चित्र संगणकात घ्यावयाचे, पडद्यावर त्याचा खुबा किंवा गुडघा हलवून पाहावयाचा, आणि सुरी हातात घेण्यापूर्वीच शस्त्रक्रियेनंतर हा सांधा किती वळेल याचा अंदाज बांधावयाचा, अशी ही विद्या आहे. विद्या मोठी आहे यात शंका नाही. माझे भांडण विद्येशी नाही. ज्या शास्त्राने माझ्या माणसाचा गुडघा वळवून दाखवावयाचा, त्याने तो माझा माणूस वळवतो तसा वळवून दाखवला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. तसे न करता भलत्याच बैठकीचे चित्र दाखवून त्याच्याकडून होकार घेणे हा सरळसरळ अन्याय आहे.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. दिवसा मुलांना व्याकरण आणि भूगोल शिकवावा, रात्री कादंबरीची पाने खरडावीत, हा माझा धंदा. तेव्हा ‘तुम्हाला यातले काय कळते?’ हा प्रश्न येणार, हे मी धरून चाललो आहे. त्याला उत्तर असे, की मला गुडघा आहे. शिवाय मी बुलढाणा जिल्ह्यात राहतो, आणि तिथे घाटावर काय किंवा घाटाखाली काय, माणसाचे निम्मे आयुष्य जमिनीलगत जाते.

वाचकहो, दुसरे कशाला, आपल्याच घरातल्या या चार दिवसांकडे पाहा. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील. त्या डब्यांच्या पाठीमागे किती वेळा कुणाचा गुडघा पुरता दुमडला आहे, ते मोजले आहे का कधी? करंज्या लाटावयाच्या त्या मांडी घालून. अंगणात रांगोळी काढावयाची ती उकिडवे बसून, आणि तीही एका जागी नव्हे, बसल्या बसल्या पुढे सरकत. अभ्यंगस्नानाला पाट, ओवाळणीला पाट, भाऊबीजेच्या पंगतीला पाट. सणाच्या आधी रानात सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते, ती वाकून आणि उकिडवे बसून; त्याच्याही आधी सारा पावसाळा निंदणात गेलेला असतो, आणि निंदण म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवे चालणे! ज्या बाईला खाली बसता येत नाही, तिला निंदणाला कुणी बोलावीत नाही. म्हणजे गुडघा वळणे न वळणे हा आमच्याकडे तब्येतीचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो मजुरीचा प्रश्न आहे.

आता ही विद्या काम कशी करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर मास्तर उगाच आरडाओरडा करतो असे व्हावयाचे.

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले तेव्हापासून हाडाची सावली आपल्याला दिसू लागली. पण सावली ती सावलीच. ती सपाट असते आणि पुढचे-मागचे सारे तीत एकमेकांवर चढते. पुढे इंग्लंडात हाउन्सफील्ड नावाच्या एका इंजिनियराने शरीराचे आडवे छेद दाखवणारे यंत्र तयार केले. १९७१ साली त्यावर पहिल्या रोग्याचे मस्तक पाहिले गेले, आणि १९७९ साली त्याला कॉर्मॅकबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. यालाच आपण सी. टी. स्कॅन म्हणतो. काकडीच्या पातळ चकत्या कराव्यात आणि त्या पुन्हा होत्या त्या क्रमाने एकमेकींवर रचाव्यात, म्हणजे अख्खी काकडी उभी राहते; तसे या छेदांवरून संगणक हाड पुन्हा उभे करतो. हाड क्ष-किरणांना जास्त अडवते, मांस कमी. त्या फरकावरून तो मांस बाजूला काढतो आणि हाड ठेवतो.

खुब्याचे त्यातल्या त्यात सोपे. खुबा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. संगणक त्या गोळ्याचा मध्यबिंदू काढतो, त्याभोवती मांडीचे हाड फिरवतो, आणि कोणत्या कोनाला हाडाची कड वाटीच्या कडेवर आपटते ते पाहतो. आपटले की ती जागा रंगवून दाखवतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील गान्झ या शल्यविशारदाने २००३ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर असे मांडले, की खुब्यातले हे कडेचे आपटणेच पुष्कळ तरुण माणसांच्या सांध्याच्या झिजेचे मूळ असते. तेव्हापासून या पडद्यावरच्या परीक्षेला मोठे महत्त्व आले. कडेचे किती हाड तासले म्हणजे सांधा मोकळा होईल, कृत्रिम वाटी किती तिरपी बसवली म्हणजे गोळा निसटणार नाही, हे आधी पडद्यावर करून पाहता येते. एकदा नव्हे, दहादा. माणसावर दहादा करता येत नाही. या सोयीला नावे ठेवणारा माणूस करंटा म्हटला पाहिजे.

गुडघ्याचे मात्र तसे नाही. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी असे आपण समजतो, पण तो बिजागरी नव्हे. वाकताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर लोळते, घसरते, थोडे फिरतेही. आणि हे सारे त्याला करावयास लावतात ते अस्थिबंध आणि स्नायू. सी. टी. स्कॅनमध्ये हाड लख्ख दिसते. अस्थिबंध आणि कूर्चा यांची हकीकत त्यात फारशी उमटत नाही. शिवाय स्कॅन काढताना रोगी उताणा निजलेला असतो. अंगावर भार नाही, पायाखाली जमीन नाही. अशा निजलेल्या हाडांना चालवावयाचे कसे? तर त्यांना चाल उसनी द्यावी लागते. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी मोजून ठेवलेल्या हालचाली किंवा गणिताने बसवलेले नियम त्या हाडांच्या अंगात घालतात. हाड रोग्याचे आणि चाल परक्याची!

माझ्या भांडणाचे मूळ या उसन्या चालीत आहे.

कृत्रिम खुबा निसटण्याचा धोका कोणत्या हालचालींत असतो, हे पाश्चात्य संशोधकांनी बारकाईने तपासले आहे. त्यांच्या यादीतल्या हालचाली वाचण्यासारख्या आहेत. ठेंगण्या खुर्चीवरून उठणे, खुर्चीत बसून पायावर पाय टाकणे, खाली वाकून बुटाची नाडी बांधणे, बिछान्यात कूस वळणे. यात खोटे काहीच नाही. ज्या देशात माणसे असे जगतात, त्या देशाने आपल्या जगण्याचे माप घेतले. पण चिखली-मेहकरच्या बाजारात हिंडून पाहा. नाडी बांधावयाचा बूट किती जणांच्या पायात आहे आणि किती जण दुकानाच्या पायरीशी उकिडवे बसून भाव करीत आहेत, हे दिसल्यावाचून राहणार नाही. संगणकातल्या माणसाची मुळे शोधली तरी तेच. पायाच्या स्नायूंचे जे प्रसिद्ध संगणकी चित्र १९९० साली अमेरिकेत डेल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले आणि ज्यावर पुढचे पुष्कळसे काम उभे राहिले, त्यातली स्नायूंची मापे मूठभर शवांच्या मोजणीवरून घेतली होती. तोही काही त्यांचा गुन्हा नव्हे. कुणीतरी आधी करावयास हवे होते, त्यांनी केले. प्रश्न एवढाच, की आपण काय केले?

आकडेच बोलू देत. सरळ रस्त्याने चालताना गुडघा ६० ते ७० अंश वाकतो. जिना चढताना, खुर्चीतून उठताना ९० ते ११० अंशांत भागते. चांगल्या रीतीने बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंश वाकतो. म्हणजे खुर्ची, जिना आणि रस्ता एवढेच ज्याचे जग, त्याचे काम झाले. पण कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय माणसांच्या उकिडवे बसण्याचे, मांडी घालण्याचे आणि गुडघे टेकण्याचे मोजमाप केले आणि २००६ साली प्रसिद्ध केले. टाचा उचलून उकिडवे बसताना गुडघा दीडशे अंशांच्याही पुढे जातो, असे त्यांना आढळले. मांडीचे मापही त्याच्या जवळपासच. एकशेवीस आणि दीडशे यांच्यामधले जे तीस अंश, त्यात आमची रांगोळी आहे, आमचे निंदण आहे, आमचा संडास आहे, नमाज पढणाऱ्या शेजाऱ्याचा सजदा आहे. सारे जगणे त्या तीस अंशांत अडकले आहे. आणि मौज ही, की आमच्या बसण्याचे माप घ्यावयाला कॅनडाहून माणसे यावी लागली!

आमच्या थोरल्या काकूंचे सांगतो. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. रात्री बाजेवर कूस बदलली तरी विव्हळत. मुलाने बिघाभर रान गहाण टाकून त्यांना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. नाव सांगत नाही; नाव महत्त्वाचे नाही, कारण ही रीत एका रुग्णालयाची नव्हे. तिथे थंड खोलीत बसवून त्यांना त्यांचाच गुडघा पडद्यावर दाखवण्यात आला. हाडे पांढरीशुभ्र, धातूचा नवा भाग चकचकीत, आणि तो गुडघा तेल घातलेल्या यंत्रासारखा वर-खाली होत होता. काकूंनी एकच प्रश्न विचारला, “साहेब, मले खाली बसता येईन का?” दाखवणाऱ्याने पडद्याकडे बोट केले आणि म्हटले, “बघा ना आजी, किती छान वाकतो आहे!”

हे उत्तर नव्हे. ही हातचलाखी आहे. प्रश्न खाली बसण्याचा होता आणि उत्तर वाकण्याचे दिले गेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, दुखणे थांबले, त्याबद्दल घरातले सारे त्या डॉक्टरांना दुवा देतात आणि मीही देतो. पण घरी निघताना हातात जो कागद दिला त्यावर लिहिले होते: जमिनीवर बसू नये, मांडी घालू नये, भारतीय पद्धतीचा संडास वापरू नये. दारातला संडास भारतीय पद्धतीचाच होता. २०१४ साली निघालेल्या स्वच्छ भारताच्या मोहिमेत खेडोपाडी जे संडास उभे राहिले ते बहुतेक उकिडवे बसण्याचेच. एका हाताने सरकारने बसावयाची जागा बांधून द्यावी आणि दुसऱ्या हाताने शास्त्राने बसावयास मनाई करावी. मध्ये काकूंनी काय करावे? त्यांनी जे केले ते सांगण्यासारखे नाही. पहिल्या पंधरवड्यात मधोमध भोक पाडलेली लाकडी खुर्ची आली. ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून वर गोणपाट आले. पंगतीला त्या आता बसत नाहीत. सगळ्यांचे उरकल्यावर भिंतीला टेकून उभ्यानेच जेवतात. खुर्चीवर बसून खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जेवणे त्यांना प्रशस्त वाटत नाही.

आता डॉक्टरांची बाजू. ती मांडली नाही तर मी वकील ठरेन, लेखक नव्हे.

ते म्हणतात, खोल वाकणे कृत्रिम सांध्याला मानवत नाही. धातू आणि प्लॅस्टिक यांच्यावर भलत्या जागी भार येतो, सांधा लवकर ढिला होतो. हे खरे आहे, आणि त्याला पुरावाही आहे. कोरियात सोल येथील डॉक्टरांनी २००७ साली एक हकीकत प्रसिद्ध केली. जास्त वाकणारा म्हणून काढलेला एक गुडघा त्यांनी बसवला होता; ७२ पैकी २७ गुडघ्यांत मांडीच्या बाजूचा भाग ढिला झाला, आणि ज्यांना उकिडवे बसता येत होते, मांडी घालता येत होती, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. कोरियन माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. तेव्हा ‘बसू नका’ असे सांगणारा डॉक्टर दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. तो बिचारा जे आहे ते सांगतो.

पण याच हकीकतीतून मी उलटा निष्कर्ष काढतो. त्या माणसांनी बसून दाखवले म्हणून सांधा ढिला झाला. म्हणजेच माणसे बसणार होती. माणूस बसणारच! ज्याचे घर जमिनीवर मांडलेले आहे, तो जमिनीवर बसेल. मग त्याच्या बसण्याने सांध्यावर काय भार येईल, हे शस्त्रक्रियेच्या आधी पडद्यावर तपासावयाचे की तीन वर्षांनी त्याच्या रडण्यावरून ओळखावयाचे? तपासून जर दिसले, की हा सांधा उकिडवे बसणे सोसणार नाही, तर तसे स्वच्छ मराठीत सांगावे. एखादी पन्नाशीची मजूर बाई म्हणेल, ‘मग आणखी चार वर्षे दुखणेच काढते, पोरीचे लग्न होईस्तोवर निंदणाची मजुरी सुटता कामा नये.’ दुसरी म्हणेल, ‘दुखणे नको, मजुरी गेली तरी चालेल.’ हा निवाडा तिचा आहे. तो तिने करावयाचा तर तिला चित्र खरे दाखवले पाहिजे. खुर्चीतल्या माणसाचे चित्र दाखवून घेतलेला होकार म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा होय.

बाजाराने तर या प्रश्नाचे सोनेच केले. आमच्यासारख्यांना खाली बसावयाचे असते हे कंपन्यांना फार आधी कळले, आणि ‘हाय-फ्लेक्स’ म्हणजे जास्त वाकणारा, या नावाने गुडघे विकले जाऊ लागले. त्यांची वाकण्याची करामत साध्या गुडघ्याहून फारशी वरचढ नाही, असे तुलनेच्या अनेक अभ्यासांत दिसून आले. तरी नावाची मोहिनी ओसरली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतींना लगाम घातला. तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि हाय-फ्लेक्सला ५६,४९० रुपये अशी कमाल किंमत ठरली, कर वेगळा. दोहोंतला फरक १,७७० रुपयांचा. आधीच्या छापील किमती कुठल्या कुठे होत्या! दीडशे अंशांचे स्वप्न किती रुपयांचे होते, ते एका सरकारी फर्मानाने असे उघडे पडले.

भेंडवळची घटमांडणी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला रानात घट मांडतात, धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांकडे पाहून पावसाचे नि पिकांचे भाकीत सांगतात. मी त्यावर विश्वास ठेवीत नाही. शाळेत मुलांनाही तसे सांगतो. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिथे मांडलेली धान्ये आमच्या रानातली असतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद. ज्याचे भाकीत सांगावयाचे तेच समोर मांडतात. शास्त्र म्हणवणाऱ्या या नव्या भाकिताने निदान एवढे तरी पाळावे की नाही?

यंत्रावर उत्तम ठरले म्हणून शरीरात उत्तम ठरेलच असे नव्हे, हा धडा आपण महाराष्ट्रात महाग किंमत देऊन शिकलो आहोत. डीप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून परत बोलावण्यात आला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता, आणि मुंबईत अन्न व औषध प्रशासनाला त्याबद्दल पोलिसांत जावे लागले. तो खुबा काही चाचण्यांवाचून आलेला नव्हता. चाचण्या नेहमीच असतात. त्या कोणत्या स्थितीत घेतल्या, हे विचारणारा नसतो.

कायद्याने तर हा प्रश्न विचारण्याची वाट मोकळी केली आहे. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने माणसाच्या उपचारासाठी वापरावयाची सारी वैद्यकीय साधने, आणि त्यांत अशी सॉफ्टवेअरही, १ एप्रिल २०२० पासून औषधाच्या व्याख्येत आली. म्हणजे पडद्यावरचा तो हलणारा गुडघा कायद्याच्या नजरेत खोकल्याच्या बाटलीचा भाऊ आहे. बाटलीवर काय लिहिलेले असते? किती घ्यावे, कुणी घेऊ नये, कधी निकामी होते. मग या दुसऱ्या औषधावर लिहिलेले का नसावे, की ‘या चित्रातील हालचाली खुर्चीवर बसणाऱ्या माणसांवरून घेतल्या आहेत; उकिडवे बसणे यात तपासलेले नाही’? एवढी एक ओळ काकूंना कुणी वाचून दाखवली असती, तर त्यांनी काय ठरवले असते कोण जाणे. पण ठरवले त्यांनी असते.

‘आपल्याला हे जमणारे नाही, बाहेरून येते ते मुकाट्याने घ्यावे,’ असे म्हणणारे सुशिक्षित मला जागोजागी भेटतात, आणि त्यांची मला कीव येते. जयपूरचा पाय त्यांना माहीत नसावा. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालावयाचा होता. तो घालून अनवाणी शेतात जाता येईना, खाली बसता येईना, म्हणून लोकांनी तो घरी टाकून कुबड्या घेतल्या. तेव्हा रामचंद्र शर्मा या फारसे शाळेत न गेलेल्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय घडवला, की माणूस तो लावून चिखलात चालू लागला आणि उकिडवे बसू लागला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जपानात क्योतो येथील डॉक्टरांनी आपल्या लोकांच्या गुडघे मोडून बसण्याचा विचार करून १९८९ पासून आपला स्वतःचा गुडघा वापरात आणला. आपल्याकडे पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय हाडाच्या मापाचा आणि भारतीय बैठकीचा विचार करून ‘इंडस’ गुडघा तयार केला. धातूच्या बाबतीत हे सुचले, तर गणिताच्या बाबतीत का सुचू नये?

आणि गणितही आपल्याकडे नाही असे नव्हे. पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक बी. रवी यांच्या प्रयोगशाळेत हाडाच्या कर्करोगाच्या रोग्यांसाठी शस्त्रक्रियेची आखणी करणारे ‘ऑर्थोसिस’ नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. तिथेच २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या मदतीने वैद्यकीय उपकरणांचे ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले, आणि त्याच्या शाखा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त निघाल्या. नागपूर काही परदेशात नाही! ‘ओपनसिम’ नावाचे, माणसाच्या हालचालीचे गणित करणारे सॉफ्टवेअर स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ पासून फुकट खुले केले आहे. कुणीही घ्यावे, आपली मापे त्यात घालावीत. फुकटच्या भांड्यात घालावयाला आपल्याजवळ आपले धान्य नाही, ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेने ते झाकून ठेवलेले नाही; आपण ते पेरलेच नाही.

माप घ्यावयाचे म्हणजे करावयाचे तरी काय? माणसाच्या कमरेला, मांडीला, नडगीला, पावलाला खुणा चिकटवावयाच्या, चोहोबाजूंनी चित्रे घ्यावयाची, आणि त्याला म्हणावयाचे, बस. ऊठ. मांडी घाल. पाटावर बस. ओझे डोक्यावर घेऊन ऊठ. हात न टेकता ऊठ, टेकून ऊठ. यांतले हात टेकून उठणे मोजावयास कुणी विसरू नये, कारण साठीच्या बाईचा खरा जीव बसण्यापेक्षा उठण्यात जातो. स्त्रिया आणि पुरुष वेगळे मोजावेत. दुखरे गुडघेही मोजावेत. निरोगी पोरांना बसवून काढलेले आकडे काकूंच्या काय कामाचे?

बुलढाण्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नवी संस्था आहे. तिला मोठी यंत्रे मिळतील तेव्हा मिळोत, पण या कामाला तिच्याजवळ आज जे आहे ते मुंबई-पुण्याजवळ नाही. गावाबाहेर पडले की रानात बसलेल्या शंभर बाया दिसतात. नागपूरहून कॅमेरे आणि जाणकार आणावेत, अकोल्याच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयातून अस्थिरोगाचे डॉक्टर बोलवावेत, आणि कामाला लागावे. बायांना त्या दिवसाची मजुरी मात्र रोख द्यावी. शास्त्राच्या नावाने फुकट राबवू नये. जी मापे निघतील ती छापून सर्वांना खुली करावीत, म्हणजे उद्या एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी बॅग घेऊन आला तर इथला डॉक्टर त्याला म्हणू शकेल, ‘हे आमचे बसणे. तुमच्या पडद्यावर हे घाला आणि मग मला दाखवा.’

दिवाळी झाली की घाटाखाली कापसाची वेचणी जोरात सुरू होईल. पुढे मार्गशीर्षात हरभऱ्याच्या निंदणाला बाया बसतील. मोजणारांनी सकाळी आठाच्या आत बांधावर यावे. ऊन चढल्यावर रांग मधेच सोडून उठावयास कुणी राजी होत नाही.